पुढचा डावा पाय

"काय विकायलीस गं?"

मी मान वर केली नाही. मिरज स्टेशनाजवळच्या जुन्या टांगा स्टँडमागे मी एका उंच स्टुलावर फळी ठेवली होती आणि आईच्या चहाच्या गाळणीतून तिच्यावर माती चाळत होते. सकाळचे साडेसहा वाजले होते. विचारणारा रिक्षावाला आता रिक्षातून उतरून जवळ आला.

"विकत नाही. फोटो काढतेय."

"मातीचा?"

"घोडीचा."

त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तिथं टांगे लागायचे बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. उरलं होतं ते घोड्यांना पाणी पाजायचं दगडी कुंड, तेही कोरडं.

"कुठाय घोडी?"

मी खोक्यातला कापूस बाजूला केला आणि तिला फळीवर उभी केली. खुरापासून खांद्यापर्यंत साडेचौदा सेंटिमीटर. अंग लाखी रंगाचं, आयाळ काळी, कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"आयला," तो म्हणाला. "हिला चारा किती लागतोय?"

मी हसले आणि टेप काढून अंतरं मोजली. घोडी खऱ्या घोडीच्या एक नवमांश आकाराची होती. म्हणून ती कॅमेऱ्यापासून साठ सेंटिमीटरवर, तर कुंड नऊपट लांब, पाच मीटर चाळीसवर. फळी जमिनीपासून शहाण्णव सेंटिमीटर वर, कॅमेरा फळीच्या बारा सेंटिमीटर वर. हे गणित जमलं की फळीची कड मागच्या जमिनीत विरून जाते. माती मात्र चाळावी लागते, कारण नेहमीचा खडा घोडीच्या खुराशेजारी धोंड्यासारखा दिसतो.

मी एक डोळा मिटून पाहिलं. घोडी कुंडापाशी उभी होती. कोवळ्या उन्हात तिची सावली मातीवर आडवी पडली होती.

सात फोटो काढले. रिक्षावाल्यानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून बघितलं. मग म्हणाला, "ही तर माणसाला चावंल."

मी फोटो मोठा करून पुढचा डावा पाय पाहिला. तो उजव्याच्या अगदी शेजारी होता, सरळ, खूर जमिनीला पूर्ण टेकलेला. आदल्या संध्याकाळी मी त्या पायाचं जे केलं होतं त्याची कुठंही खूण दिसत नव्हती. मला हायसं वाटलं. या गोष्टीला आता सात वर्षं झाली.

घोडी बाबालालचाचांनी केली होती. बाबालाल जमादार मिरजेत दातांच्या कवळ्या करायचे. दवाखान्यांतून साचे यायचे, चाचा मेणात दात बसवायचे, मग अ‍ॅक्रिलिकमध्ये कवळी ओतायचे. फेब्रुवारीत मी आजोबांबरोबर त्यांची कवळी आणायला गेले होते. चाचा आजोबांना समजावत होते, "रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात घालायची न्हाई. वाकडी झाली की माझ्याकडं येऊन रडायचं न्हाई." मी फळीवरच्या कवळ्यांच्या रांगेकडे बघत होते आणि रांगेच्या टोकाला घोड्याचं डोकं होतं. हिरड्यांच्या गुलाबी रंगाचं. नाकपुडीच्या वरची शीरसुद्धा होती.

"हे काय आहे?"

"घोडी. अजून पाय यायचेत."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र, आणि काही महिन्यांपासून इंटरनेटवर एका विचित्र नादी लोकांच्या गटात वाचत बसायचे. जगभरातली ही माणसं घोड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती जमवतात, त्यांचे फोटो काढतात आणि ते फोटो स्पर्धेला पाठवतात. घोडा जागचा हलत नाही, फोटोच जातो. फोटोतला घोडा खरा वाटला पाहिजे. परीक्षक त्याची ठेवण, पाय, चाल, सगळं खऱ्या घोड्यासारखं तपासतात. मला प्रकाशाचं वेड होतं, कॅमेरा मामाचा होता, आणि घोडा नव्हता. तो असा कवळ्यांच्या फळीवर सापडला.

"चाचा, हिचा फोटो मला काढू द्याल?"

"माझ्यासाठी काढणार असलीस तर काढ," ते म्हणाले. "मला एक फोटो पायजेच आहे. इचलकरंजीला माझा भाऊ असतोय, इलाहीभाई. त्याला पाठवायचाय. पण घोडी खरी उभी हाय असं वाटलं पायजे. टांगा स्टँडवर. खेळणं वाटलं तर उपयोग न्हाई."

"भावाला घोडीची आवड आहे?"

"तो टांगा हाकायचा. घोडी आमचीच. लाखी नाव." ते ब्रशनं मेणाचा चुरा झाडत राहिले. "एवढा फोटो त्याच्यापर्यंत गेला की माझं एक काम संपलं."

त्यापुढं ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला माझा फोटो दिसत होता.

एप्रिलच्या शेवटी चाचांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डावा डोळा आधीच धुरकट होता. त्याआधी घोडी पुरी करायची म्हणून त्यांनी आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. पाय वेगळे ओतून शेवटी जोडले, रंग दिला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खोकं दिलं. आत कापूस, कापसात घोडी.

"हितं उघडू नको, धूळ बसंल. डाव्या अंगानं फोटो काढ. चारी पाय दिसू देत. पाय दिसलेच पायजेत, काय?"

"स्पर्धेचाही नियम तोच आहे, चाचा."

"तुझी स्पर्धा राहू दे. मला डोळं बांधून झोपायचंय पंधरा दिस. फोटो झाला की आधी भाईला पाठव, त्याच्या पोराच्या फोनवर. मी मागनं बघीन."

खोकं स्कूटरच्या डिकीत ठेवून मी कॉलेजात गेले. एका दाखल्यासाठी दोन तास रांगेत गेले. परत आले तर झाडाची सावली सरकलेली आणि स्कूटर उन्हात. डिकीचा पत्रा हात लावू देत नव्हता.

घरी येऊन खोकं उघडलं. घोडी काढून टेबलावर ठेवली. तीन पाय ठीक होते. पुढचा डावा पाय मात्र पुढं सरकलेला, खुराचं फक्त टोक टेकलेलं, टाच जरा उचललेली. घोडीनं त्या पायावर वजनच घेतलं नव्हतं.

मी तो पाय वाकवला होता, डिकीत. मला दुसरी शंकाच आली नाही. त्या गटात दर उन्हाळ्यात कुणीतरी लिहायचं की गाडीत ठेवलेल्या घोड्याचे पाय वाकले. उपायही सगळ्यांना पाठ होता. पाय उकळत्या पाण्यात धरायचा. साच्यातून निघाला तेव्हाचा आकार प्लॅस्टिकला आठवतो, आणि मऊ झालं की पाय आपोआप मूळ जागी येतो.

अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं हे मला माहीत होतं. डिकी फार तर पासष्ट अंशांवर गेली असेल. पण घाईत केलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये थोडा मूळ द्रव शिल्लक राहतो आणि ते कमी तापमानाला मऊ होतं, असंही वाचलं होतं. चाचांनी घाई केली होती. म्हणजे शक्य होतं. मला जी कारणमीमांसा हवी होती ती मी दोन मिनिटांत तयार केली.

संगणकावर पाय सरळ करता आला असता, पण स्पर्धेत तसं चालत नाही. मागचं आकाश बदला, माती बदला. घोड्याला हात लावायचा नाही.

आई देवळात गेली होती. पातेल्यात पाणी उकळलं, घोडी आडवी धरून तो एक पाय आत सोडला आणि घड्याळ लावलं. एक मिनिट झालं. पाय जागचा हलला नाही. दोन मिनिटं झाली, तरी नाही.

तिथंच मला कळायला हवं होतं. जो पाय वाकलेलाच नाही तो परत कुठं येणार? प्रयोगशाळेत एखादं वाचन असं आलं असतं तर मी वहीत नोंद केली असती, सरांना विचारलं असतं. पण चाचा दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला जाणार होते आणि त्यांचं काम मी बिघडवलंय हे मला सांगायचं नव्हतं. मी अंगठ्यानं पाय मागं दाबला. तो आला. गार पाण्यात धरला, तसाच राहिला. रंगालाही काही झालं नाही.

फोटो मी इलाहीभाईंच्या मुलाला पाठवला, त्याच दिवशी स्पर्धेलाही. नवशिक्यांच्या वर्गात एकसष्ट फोटो होते. आठव्या दिवशी निकाल लागला आणि माझा तिसरा आला. परीक्षक बाई परदेशातल्या, खऱ्या घोड्यांच्याही परीक्षक. त्यांनी लिहिलं होतं, "चारही पायांवर समतोल, निकोप घोडी." निकोप हा शब्द मी तीनतीनदा वाचला आणि प्रत्येक वेळी कुठंतरी टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हसीनाचाचींचा फोन आला. "पद्मजा, येऊन जा जरा. हे दोन दिवस जेवले न्हाईत. डॉक्टर ताण घेऊ नका म्हणतोय आणि हे भिंतीकडं तोंड करून बसल्यात."

चाचा खाटेवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. माझा आवाज ऐकल्यावर म्हणाले, "या सायंटिस्ट. बसा." पण नेहमीची थट्टा आवाजात नव्हती.

"भाईचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, पन्नास वर्षं झाली बाबू, आता तरी सोड. एवढं म्हणून ठेवला. परत लावला तर उचलत न्हाई."

"म्हणजे काय?"

"तेच मला कळंना. तू तो फोटो उघड आणि मला सांग. मला त्यात रंगाचे डाग दिसत्यात नुसते. काय दिसतंय ते एकेक सांग."

मी फोन काढला. "घोडी उभी आहे. मागं कुंड आहे."

"कुंड बरोबर दिसतंय?"

"हो. ऊन डावीकडून आहे. कान पुढं आहेत."

"पाय?"

"चारही दिसतायत, चाचा."

"दिसत्यात ते कळलं. कसे हायत?"

मी फोटो मोठा केला. चाची दारात उभ्या होत्या.

"पुढचा डावा," चाचा म्हणाले. "तो कुठाय?"

"उजव्याच्या शेजारी," मी म्हणाले. "सरळ आहे."

"सरळ कसा असंल? नीट बघ. पुढं हाय. टोक टेकलंय, टाच उचललीय. मी केलाय तो. तीन वेळा मोडून केलाय."

मी फोन खाली ठेवला. त्यांना वाटलं मी नीट बघतेय. मी बघेपर्यंत ते सांगू लागले.

"घोडं मागचा पाय ढिला सोडून उभं ऱ्हातंय. त्याचं काय न्हाई, आराम करतंय ते. पण पुढचा पाय असा पुढं टाकला, टोकावर, तर त्याला दुखतंय. टांगेवाल्याच्या पोराला हे दुधाच्या दातापास्नं कळतंय. मी सोळा वर्षांचा होतो. भाई वीसचा. सकाळी हरभऱ्याची चंदी घालायची पाळी माझी. लाखी कुंडापाशी उभी होती आणि पाय असा होता."

त्यांनी स्वतःचा हात पुढं केला, मनगट जरा मोडून, बोटांची टोकं चादरीला टेकवून.

"मी बघितला. बघून गप्प बसलो. का, तर त्या दिवशी सांगलीला कुस्त्यांचं मैदान होतं. भाई मला नेणार होता. घोडी लंगडी म्हटलं की टांगा सुटणार न्हाई, मैदान बुडणार. मला वाटलं, चालंल की. एकच दिस." ते थांबले. "अर्ध्या वाटेत उतारावर ती बसली. तोच पाय. मोडला. सरकारी डॉक्टर आला आणि रस्त्यावरच तिला संपवली."

चाची हळूच खाली बसल्या. मला वाटतं त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"अब्बांनी भाईला सगळ्या स्टँडासमोर चाबकानं मारलं. दामटलीस, म्हणले, चांगली निकोप घोडी मारलीस. भाई सांगत होता, मी दामटली न्हाई. तो माझ्याकडं बघत होता, मी काय बोललो तर. मी कुंडाकडं बघत होतो. तो त्याच आठवड्यात इचलकरंजीला माग चालवायला गेला. पुन्हा लगाम हातात धरला न्हाई. अब्बा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले न्हाईत. मी ईदला जातोय, तो शिरखुर्मा देतोय, आम्ही हवापाण्याचं बोलतोय. तोंडानं मला सांगता येत न्हाई, पद्मा. पन्नास वर्षं झाली, येत न्हाई. म्हणून म्हटलं, करून दाखवावं. भाईला एक पाय दिसला की बास. त्याला सांगावं लागत न्हाई."

निकोप. इलाहीभाईंना सरळ पायांची घोडी गेली होती. ती बघून ते काय समजले असतील हे मला त्याच खोलीत, त्याच स्टुलावर बसून समजलं. धाकटा भाऊ पन्नास वर्षांनी पुरावा पाठवतोय: बघ, चांगली होती.

"चाचा," मी म्हणाले, "पाय मी सरळ केला."

"काय?"

"मला वाटलं माझ्याकडून उन्हात वाकला. उकळत्या पाण्यात धरून दाबला. तुम्हाला सांगितलं नाही."

चाचांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"कवळी देताना मी माणसाला काय सांगतो?"

"गरम पाण्यात घालू नका."

"तुझ्या आजोबांना सांगितलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथंच."

"तिथंच उभी होतीस!" ते ओरडले. खाटेची पट्टी त्यांनी मुठीत धरली होती. "शिकलेली पोरगी तू! विचारता येत न्हाई? एक फोन करता येत न्हाई? एवढं तोंड दिलंय देवानं!"

"ओरडू नका," चाची म्हणाल्या. "डोळ्यावर ताण येईल."

"येऊ दे!"

आणि मग ते एकदम थांबले. काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. पण ते शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी वापरलं होतं आणि ते बोलून झाल्यावर त्यांनाच ऐकू आलं असावं. मूठ सुटली.

"घोडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"घेऊन ये."

मी वीस मिनिटांत परत आले. चाचींनी तोवर पाणी उकळायला ठेवलं होतं. चाचांनी घोडी हातात घेतली आणि त्या पायावरून अंगठा फिरवला. मी म्हणाले, "तुम्ही सांगा, मी वाकवते. किती पुढं, किती अंश, सांगा."

"हात लावू नको. नुसती धर. आतला आकार माझा असंल तर येईल."

मी पाय पाण्यात सोडला. वाफ चेहऱ्यावर येत होती. तीस सेकंद काहीच झालं नाही. चाचा माझ्या शेजारी उभे होते, मान कलती करून, जणू ऐकत होते.

"काय होतंय?"

"काही नाही अजून."

आणि मग पाय हलला. अगदी हळू, घड्याळाच्या काट्यासारखा. हलताना दिसत नव्हता, पण हललेला दिसत होता.

"येतोय," मी म्हणाले. "तीन मिलिमीटर. पाच. टाच उचलली जातेय, चाचा."

"थांबवू नको. जाईल तिथं जाऊ दे."

अकरा मिलिमीटरवर तो थांबला. मी आणखी एक मिनिट धरून ठेवला. पुढं गेला नाही. गार पाण्यातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. कवळी तपासताना कडेवरून फिरवायचे तसं त्यांनी करंगळीचं टोक खुराखाली घातलं.

"हां," ते म्हणाले. "हितंच होता."

मला त्यांनी माफ केलं असं मात्र म्हणाले नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या सकाळी साडेसहाला मी पुन्हा स्टूल लावलं. साठ सेंटिमीटर, पाच मीटर चाळीस. तोच रिक्षावाला आला. बघितलं आणि म्हणाला, "आज हिला बरं न्हाई वाटतंय." त्या वाक्यानं मला रडू यायला लागलं आणि पहिले दोन फोटो हलले.

फोटो इचलकरंजीला पाठवला. खाली काय लिहू, असं चाचांना विचारलं होतं. "काय न्हाई. नुसता फोटो." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

स्पर्धेच्या बाईंना मी सगळं कळवलं आणि तिसरा क्रमांक परत केला. पुरावा म्हणून नवा फोटो जोडला होता. त्यांनी लिहिलं: "या घोडीला मी क्रमांक देऊ शकत नाही. पुढच्या डाव्या पायात वेदना आहे. कृपया डॉक्टरला दाखवा, असं लिहिणार होते, मग ती प्रतिकृती आहे हे आठवलं." मी ते चाचांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "परक्या बाईला दिसलं."

दुसरा फोटो पाठवल्यापासून बाराव्या दिवशी मी चाचांच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये होते. त्यांना नवा चष्मा लागला होता आणि फोटोची मोठी प्रत दाखवायला मी गेले होते. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. हातात काठी, खांद्यावर पंचा, एसटीतून उतरून चालत आल्यासारखी धूळ चपलांवर. चाचा उठले आणि उठून तसेच राहिले.

"कुठाय?" इलाहीभाईंनी विचारलं.

चाचांनी कवळ्यांच्या फळीवरून घोडी काढली. इलाहीभाई स्टुलावर बसले, पंचा मांडीवर पसरला, घोडी त्यावर ठेवली. त्यांची बोटं जाड होती, मागावर काम करून नखं तुटलेली. त्यांनी खांद्यावरून हात फिरवत गुडघ्यापर्यंत आणला, गुडघ्यावरून खुरापर्यंत. मग हात उलटा केला आणि मागची बाजू त्या खुराला लावून धरली. तो खूर माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडाच मोठा होता. ते कशासाठी करतात हे मला नंतर कळलं. दुखरा खूर गरम लागतो.

दोघं भाऊ आपसांत दखनीत बोलले. मी इथं मराठीत लिहितेय.

"गरम होता का?"

"हात लावला न्हवता."

"लावायचा होतास."

"व्हय."

बाहेर कुणीतरी गाडी उभी केली, बंद केली. इलाहीभाईंचा हात खुरावरच होता.

"अब्बा गेले तेव्हा तरी सांगायचंस."

चाचांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"का न्हाई सांगितलंस त्या दिवशी?"

"कुस्ती बघायची होती," चाचा म्हणाले. सहासष्ट वर्षांचा माणूस ते वाक्य सोळा वर्षांच्या आवाजात म्हणाला.

इलाहीभाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. भावाच्या चेहऱ्याकडं ते खूप वेळ बघत राहिले.

"कोण जिंकलं?"

"आपण पोचलोच कुठं, भाई."

आतून चाची चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. इलाहीभाईंनी पंच्याची चार टोकं घोडीवर आणली, एकेक करून, पाय दुखावू नये अशी, आणि गाठोडं छातीशी धरून उठले. चहाला हात लावला नाही.

"ही मी नेतो."

"ने," चाचा म्हणाले. ते दारापर्यंत त्यांच्या मागं गेले. पायरीवर उभे राहून, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे त्याच सुरात म्हणाले, "उन्हात ठेवू नको. आणि गरम पाण्यात घालू नको."

इलाहीभाईंनी मागं न बघता मान हलवली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत चाचा पायरीवर होते. मग आत येऊन त्यांनी फळीवरच्या रिकाम्या जागेत कवळ्या सरकवल्या, आणि माझा फोटो न बघताच खणात ठेवला.